डायनोसॉरच्या चित्रात हाड किती, अंदाज किती?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांमध्ये मुलांच्या वह्या चाळताना एक चित्र हमखास भेटते. मध्यभागी दोन पायांवर उभा राहिलेला, जबडा वासलेला टायरॅनोसॉरस. त्याची शेपूट जमिनीवर टेकलेली. मागे शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या टोकातून उसळणाऱ्या लाल-पिवळ्या ज्वाळा. बाजूला दोन नारळाची झाडे, आभाळात वटवाघळासारख्या पंखांचा एक प्राणी आणि क्वचित कोपऱ्यात भाला घेतलेला माणूस. वही वासिंदच्या मुलाची असो वा टोकावड्याच्या मुलीची, चित्र तेच. बहुतेक वेळा ते चित्रकलेच्या वहीत नसतेच. ते गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर असते, म्हणजे कोणीही न सांगता, स्वतःच्या हौसेने काढलेले असते.

या हौसेचे आम्हांला कौतुक आहे. ज्या प्राण्याला कोणाही माणसाने पाहिलेले नाही, त्याचे चित्र काढायला मूल आपण होऊन बसते, ही विज्ञानाच्या शिक्षकाला आयती चालून आलेली संधी आहे. पण शाबासकी देऊन पुढे गेले की ती वाया जाते. म्हणून या चित्रांकडे जरा टीकाकाराच्या नजरेने पाहू या. मुलांच्या हाताला नावे ठेवायची नाहीत. ज्या चित्रांवरून त्यांनी हे उतरवले ती चित्रे तपासायची आहेत, आणि वह्या तपासणारे आपण काय करतो तेही पाहायचे आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांमुळे चित्रांचे प्रकार आपल्याला ठाऊक असतात. समोर घागर ठेवून काढले की ते वस्तुचित्र. जत्रा आठवून काढली की ते स्मरणचित्र. डायनोसॉर यांतल्या कोणत्याच प्रकारात बसत नाही. तो समोर नाही आणि आठवणीतही नाही. काही हाडे, काही दात, पावलांचे ठसे, अंड्यांची टरफले आणि आजच्या प्राण्यांशी केलेली तुलना यांवरून तो उभा करावा लागतो. अशा चित्राला आपण अनुमानचित्र म्हणू. वस्तुचित्र बरोबर आहे का हे घागरीकडे पाहून ठरते. अनुमानचित्राला मात्र प्रत्येक रेषेपाशी विचारावे लागते, ही रेष कशावरून आली? मुलांच्या चित्रातील बहुतेक रेषा दुसऱ्या चित्रावरून आलेल्या असतात आणि ते चित्र तिसऱ्यावरून. या साखळीच्या टोकाला हाड आहे की नाही, हे कोणीच पाहिलेले नसते.

आधी त्या डोंगराचे पाहू. तो शंकूचा ज्वालामुखी जपानच्या फुजीसारखा दिसतो. भारतात डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला हे खरेच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे, काही लाख वर्षे अधूनमधून तो चालू होता. पण तो असा एका टोकदार डोंगरातून झाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वर आला आणि मैलोन्‌मैल पसरून थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आजही दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भागावर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी कित्येक हजार फूट भरते.

आणि हे सारे पाहायला शहापूर-मुरबाडच्या मुलांना कुठे जावे लागते? आसनगावला गाडीतून उतरले की माहुली समोर असतो. माळशेज घाटात एस.टी. वळणे घेऊ लागली की खिडकीतून कड्यांवरच्या आडव्या रेघा दिसतात. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत लाव्हाचा एकेक लोंढा. सह्याद्रीत काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातकट पट्टा असतो. एक लोंढा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत त्याचा पृष्ठभाग झिजून माती होण्याइतका अवधी गेला, याची ती खूण. ठाणे जिल्ह्यात काही ठिकाणी काळ्या दगडाची उभी भिंत डोंगर चिरून गेलेली दिसते. ज्या भेगांतून लाव्हा वर चढला त्यांपैकी काही तिथेच भरून, थिजून राहिल्या, त्या या भिंती.

ज्या लाव्हाच्या काळात हिंदुस्थानातले शेवटचे डायनोसॉर वावरत होते, त्याच लाव्हावर शाळेची इमारत उभी आहे, आणि आत बसलेला मुलगा डायनोसॉरमागे फुजीचा डोंगर काढतो आहे. आमच्या मते या चित्रांतला सर्वांत मोठा दोष हा आहे, जबड्यातले दात चुकण्यापेक्षा मोठा. पार्श्वभूमीला काळे, सपाट, भेगाळलेले मैदान काढावे. दूर क्षितिजावर एका रांगेत उसळणारी लाव्हाची कारंजी काढावीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेले तळे, त्याकाठची झाडी काढावी. ही कल्पनारम्यता नाही. कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनोसॉरची हाडे आणि अंड्यांची टरफले मिळाली आहेत. म्हणजे उद्रेक सुरू झाल्यावरही ते काही काळ या भूमीवर होते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला आणि त्यांचा शेवट झाला, त्यात आपल्या लाव्हाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. पण दोन्ही घटना काळाने एकमेकींच्या अगदी शेजारच्या आहेत, याबद्दल आता शंका नाही.

(हे वाचून कोणी हातोडी घेऊन माहुलीकडे निघू नये. तापलेल्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. ती मिळतात ती लाव्हाखालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात.)

आता भिंतीवरच्या तक्त्याकडे वळू. ‘प्राचीन प्राणी’ अशा नावाच्या तक्त्यावर सहसा टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस समोरासमोर उभे असतात. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. टायरॅनोसॉरस 7 कोटी वर्षांच्या अलीकडचा. दोघांमधले अंतर 8 कोटी वर्षांचे, म्हणजे टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातील अंतरापेक्षाही जास्त. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन त्याच तक्त्यावर असतो. तो तर डायनोसॉर नव्हेच, सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचा लांबचा नातेवाईक. आभाळातला टेरोसॉरही डायनोसॉर नाही आणि पक्षीही नाही. भालेवाल्या माणसाबद्दल काही लिहायला नकोच.

हा गोंधळ आला कुठून? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात रुडॉल्फ झॅलिंजर या चित्रकाराने 1947 साली पुरे केलेले 110 फूट लांबीचे भित्तिचित्र आहे. जगभरच्या कितीतरी तक्त्यांचे मूळ तिथे सापडते. मूळ चित्रात काळ उजवीकडून डावीकडे सरकतो आणि दोन कालखंडांच्या सीमेवर मोठी झाडे उभी केलेली आहेत. झॅलिंजरला सारे प्राणी एकाच दिवशी एकत्र जमवायचे नव्हते. नक्कल करणाऱ्यांनी प्राणी उचलले आणि झाडे सोडून दिली. त्याचबरोबर त्या काळची समजूतही उचलली. झॅलिंजरचे डायनोसॉर सुस्त आहेत, शेपट्या जड आहेत, कारण 1940 च्या दशकात शास्त्रज्ञांचे मत तसेच होते. पुढे 1969 साली जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ शिकारी प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट बॅकर याने त्याचे चित्र काढले. धावणारे, अंग जमिनीला समांतर, शेपूट मागे ताठ. पावलांच्या ठशांच्या ओळींत शेपूट घासल्याची खूण जवळजवळ कधीच मिळत नाही, हाही पुरावा होताच. तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या चित्रांतली शेपूट उचलली गेली. आपल्या वह्यांतली अजून जमिनीवरच आहे.

1993 सालच्या ‘ज्युरासिक पार्क’ने शेपूट उचलली, हे त्या चित्रपटाचे श्रेय. 1994 मध्ये तो हिंदीत आला आणि छंदाची लाट खेड्यांपर्यंत पोहोचली. पण त्याने नवी नक्कलही दिली. त्यातला माणसाएवढा, खवल्यांच्या कातडीचा व्हेलोसिरॅप्टर मुले आजही काढतात. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याच्या आसपासचा होता, आणि त्याच्या हातांच्या हाडावर पिसे रुजण्याच्या गाठी असल्याचे 2007 मध्ये दाखवले गेले आहे.

जुनी चित्रे चुकीची म्हणून हसण्याजोगी असतात असे मात्र नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात 1854 साली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स याने इग्वानोडॉनचे पुतळे उभारले. गेंड्यासारखे धिप्पाड, चार पायांचे, नाकावर शिंग. पुढे 1878 मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथे कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अखंड सांगाडे निघाले, तेव्हा ते ‘शिंग’ अंगठ्यावरचे असल्याचे कळले. हॉकिन्सजवळ मोजकी हाडे आणि एक सुटा काटा होता. त्यावरून त्याने प्रामाणिक अनुमान केले आणि नवा पुरावा आल्यावर ते बदलले. पुतळे आजही तिथेच, नाकावरच्या शिंगासह उभे आहेत. मुलांना दाखवण्याजोगे याहून चांगले अनुमानचित्र आम्हांला सुचत नाही. हॉकिन्सची चूक आणि आपल्या तक्त्याची चूक एका जातीच्या नाहीत. हॉकिन्सने पुराव्याकडे पाहून चूक केली, तक्ता काढणाऱ्याने पुराव्याकडे पाहिलेच नाही.

आपल्याकडचे प्राणी मुलांच्या वह्यांत जवळजवळ नसतातच, याचे कारणही तक्त्यावर ते नसतात हेच. अलीकडे राजासॉरस थोडा दिसू लागला आहे. गुजरातेत रहिओली येथे 1980 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी हाडे गोळा केली आणि 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव प्रसिद्ध झाले. कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, कपाळावरचे बुटके शिंग, कमरेची, पायांची आणि शेपटीची काही हाडे एवढे हाती आहे. जबडा नाही. म्हणजे राजासॉरसच्या ज्या वासलेल्या जबड्याने चित्राचे अर्धे पान व्यापलेले असते, तो त्याच्या मादागास्करमधील नातेवाइकाकडून, माजुंगासॉरसकडून, उसना घेतलेला आहे. उसना घेण्यात गैर काही नाही. दोघे जवळचे आहेत, शास्त्रज्ञही तसेच करतात. फक्त उसना आहे हे चित्रात कुठे लिहिलेले नसते. आणि हल्ली डायनोसॉर म्हटला की पिसे लावायची फॅशन आली आहे, म्हणून राजासॉरसलाही पिसे चढवू नयेत. त्याच्याच कुळातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत आणि ते खवल्यांचे आहेत.

महाराष्ट्राचा स्वतःचा म्हणावा असा डायनोसॉर चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन केले. आज त्याला इसिसॉरस म्हणतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. हा लांब मानेच्या शाकाहारी टायटानोसॉरांपैकी, पण मान त्यांच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय चांगलेच लांब. त्यामुळे पाठ मागे उतरती. आता गंमत अशी, की याचे डोके मिळालेलेच नाही. त्याच संस्थेत ज्याचा सांगाडा उभा आहे, त्या गोदावरी खोऱ्यातल्या बारापासॉरसचेही दात मिळाले, कवटी नाही. इसिसॉरसचे चित्र काढायला मुलाला दिले आणि त्याने मान ढगात नेऊन डोके काढलेच नाही, तर आम्ही त्याला पूर्ण गुण देऊ.

येथे गवताची गोष्ट सांगायला हवी. मुरबाड तालुक्यातील एका शाळेत एका मुलीने लांब मानेचा डायनोसॉर काढला होता आणि पायांखाली गवताची ठोंबे. खाली तांबड्या शाईत शेरा होता : ‘त्या काळी गवत नव्हते.’ शेरा लिहिणाऱ्या शिक्षकांनी अभ्यास केलेला होता, हे उघड आहे. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते असे पुस्तकांतून बरीच वर्षे लिहिले जात होते. पण 2005 साली हे मत बदलले, आणि बदलले ते महाराष्ट्रातल्या पुराव्याने. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि वनस्पती कुजली तरी ते उरतात. त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. त्या विष्ठेत निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. 2011 मध्ये त्याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात भाताच्या जवळच्या नातेवाइकांचे कण ओळखले गेले.

भाताची आवणी आणि कापणी केलेल्या मुलांना सिलिका म्हणजे काय हे निराळे समजवावे लागत नाही. भाताच्या पातीने हात चिरतो तो या सिलिकेमुळेच. त्या मुलीला हे सगळे ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. तिने बहुधा बांधावर पाहिलेले गवत काढले. पण तांबड्या शेऱ्याने तिला काय शिकवले असेल? डायनोसॉरच्या चित्रात काय असावे हे कुठेतरी आधीच ठरलेले आहे आणि ते सरांना ठाऊक आहे, एवढेच. शेऱ्याच्या जागी ‘गवत कशावरून?’ असा प्रश्न असता, तर सर आणि मुलगी दोघेही पिसदुऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. आज त्या चित्रावर टीका करायचीच तर ती वेगळी करावी लागेल. विष्ठेत गवतापेक्षा इतर वनस्पती जास्त होत्या. तेव्हा तुरळक ठोंबे ठीक, माळभर हिरवळ नको. तिने ठोंबेच काढले होते.

पुराव्याला धरून असूनही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते असे चित्र कसे असते, याचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात गुजरातेतील ढोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी आणि नाजूक हाडे असलेला दगड मिळाला. पुढे 2001 मध्ये त्यातली काही हाडे सापाची असल्याचे लक्षात आले आणि 2010 मध्ये सनाजेह इंडिकस हे नाव प्रसिद्ध झाले. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, शेजारी नुकते जन्मलेले अर्धा मीटर लांबीचे पिल्लू. टायलर कायलर या शिल्पकाराने याचे प्रतिरूप केले. त्यात ज्वालामुखी नाही, डरकाळी नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते आहे आणि साप वाट पाहतो आहे. सापाचा जबडा अजगरासारखा फार उघडत नव्हता, त्यामुळे तो अखंड अंडे गिळू शकला नसता, हेही जबड्याच्या हाडांवरून काढलेले अनुमान आहे. वेटोळे खरे, अंडे खरे, पिल्लू खरे. रंग तेवढा कल्पनेचा. पावसाळ्यात कोंबडीच्या खुराड्यात साप शिरल्याचे पाहिलेल्या मुलांना हे चित्र लगेच कळते.

खुराड्याचा विषय निघालाच आहे तर कोंबडीकडे वळू, कारण मुलांच्या चित्रांतले पाय हा आमचा दुसरा मोठा आक्षेप आहे. टायरॅनोसॉरसचे पाय ती माणसासारखे काढतात. गुडघा मध्यावर, तळवा जमिनीवर सपाट. चार पायांचा डायनोसॉर असला की घोरपडीसारखे, बाहेर फाकलेले. ‘डायनोसॉर’ या शब्दाचा अर्थच भयंकर सरडा. 1842 मध्ये रिचर्ड ओवेनने दिलेल्या या नावाने चित्रकारांच्या कितीतरी पिढ्यांना सरड्याकडे पाठवले. पाठवायला हवे होते अंगणात. कोंबडी चवड्यांवर चालते. तिचा जो सांधा आपल्याला मागे वळलेला गुडघा वाटतो, तो तिचा घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. रविवारी ताटात तंगडी आली की तिचे जाड टोक हातात धरून पाहावे. तो गुडघ्याखालचा भाग आहे, हे एकदा कळले की टायरॅनोसॉरसचा पाय आपोआप बरोबर जमू लागतो. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत, तेव्हा ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. कोंबडीच्या छातीपाशी दोन फाट्यांचे चिमट्यासारखे हाड असते, तसेच टायरॅनोसॉरसलाही होते.

कोंबडा आणखीही एक गोष्ट शिकवतो. त्याच्या तुऱ्यात हाड नाही. कोंबडा नामशेष झाला असता आणि उरली असती फक्त हाडे, तर कोणत्या चित्रकाराने डोक्यावर तांबडा तुरा काढला असता? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑल यस्टर्डेज’ या इंग्रजी पुस्तकात जॉन कॉनवे, सी. एम. कोसेमन आणि डॅरेन नेश यांनी हाच खेळ केला. आजचे प्राणी केवळ सांगाड्यावरून काढले तर किती विचित्र दिसतील, ते त्यांनी दाखवले. डायनोसॉरांच्या चित्रांत कातडी थेट हाडांवर ताणून बसवण्याची जी सवय आहे, तिच्यावर ही टीका होती. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, कॅनडात मिळालेल्या एडमाँटोसॉरस या बदकचोच्या डायनोसॉरच्या डोक्यावर मांसल तुऱ्याचा ठसा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या शेकडो चित्रांत तो कोणीच काढला नव्हता.

हा खेळ शहापूर-मुरबाडमध्ये खेळायला पुस्तकाचीही गरज नाही. पौषात म्हसाची यात्रा भरते, तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. वही घेऊन जावे आणि एक बैल नीट काढावा. मग विचारावे, सांगाड्यात यातले काय उरेल? शिंगांचा गाभा उरेल. वशिंड जाईल, ते मांस आणि चरबीचे. गळ्याखालची लोंबती पोळी जाईल. कानांची ठेवण जाईल, आणि पाठीवरचा रंग तर जाईलच. उरलेल्यावरून बैल पुन्हा काढायला मित्राला सांगावे. त्याचा बैल घोड्यासारखा दिसू लागला की अनुमानचित्राची अडचण वर्गाला समजली. बैल काढल्याचा आणखी एक फायदा असा, की वजनदार प्राण्याचे पाय अंगाखाली खांबासारखे कसे येतात ते हाताला कळते. इसिसॉरसला ते लागणार आहे.

जाता जाता वारली शैलीतल्या डायनोसॉरांबद्दल. अलीकडे प्रदर्शनांसाठी अशी चित्रे मुलांकडून काढून घेतली जातात. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांत धावणाऱ्या जनावरांची जी लय आहे ती पाहता, कळप किंवा स्थलांतर दाखवायला ही शैली उत्तम आहे. पण दोन त्रिकोण जोडून केलेल्या अंगात कमरेचा सांधा, घोटा, मानेचा जाडपणा हे काहीच सांगता येत नाही. मुलाला तसे काढावेसे वाटले तर अवश्य काढावे. ते आदिवासी पाड्यावरचे मूल आहे, म्हणून त्याने तसेच काढावे हा आग्रह आम्हांला पटत नाही.

रंगांबद्दल मुले नेहमी विचारतात. चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पिसांतल्या रंगकणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे असल्याचे 2010 मध्ये कळले. असे मोजके अपवाद सोडले तर रंग माहीत नाहीत. राजासॉरस मोरपंखी केला तरी आम्ही खोडणार नाही. मात्र लपून शिकार करणारा असेल तर असा रंग त्याला परवडेल का, हे विचारू. खंड्याचा रंग भडक असूनही त्याचे पोट भरते, असे उत्तर एखाद्याने दिले तर वाद रंगेल.

गुण द्यायचेच असतील तर सोपा उपाय आहे. ज्या भागाचे हाड मिळाले आहे तो शाईने काढावा, नातेवाइकाकडून उसना घेतलेला भाग पेन्सिलीने, आणि निव्वळ कल्पनेचा तुटक रेषेने. अशा रीतीने काढलेला राजासॉरस देखणा दिसत नाही, पण त्याच्याकडे पाहून वर्गात तासभर बोलता येते. सर्वांनी आरंभ टायरॅनोसॉरसपासूनच करावा असेही नाही. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गेल्या शतकाच्याही आधी इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. 1847 मध्ये त्यांना शास्त्रीय नाव देणाराही तोच रिचर्ड ओवेन. आज या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. तो डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातला असावा. डायनोसॉरांच्या मानाने त्याचा सांगाडा बराच पूर्ण मिळतो. म्हणजे शाईच्या रेषा जास्त, तुटक रेषा कमी. सहलीला मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र पाहायला मुले जातात ते वरळीतच. आणि तुलनेसाठी जिवंत नमुना लागला, तर मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर भातखाचराच्या बांधावर तो स्वतःच ओरडत बसलेला असतो.